सगळा देशच दारफूर

डिसेंबर २०१८मध्ये सुदानमध्ये एका पावाची किंमत एका पौंडावरून तीन पौंडांवर गेली आणि अतबरा या रेल्वेच्या गावात माणसं रस्त्यावर उतरली. ओमर अल-बशीर १९८९पासून सत्तेवर ठाण मांडून होते. आंदोलनाचं लोण राजधानी खार्टूमपर्यंत पोचलं, तसं सरकारनं जुनंच हत्यार उपसलं. देशाच्या पश्चिमेकडच्या दारफूर प्रदेशातल्या विद्यार्थ्यांना पकडून टीव्हीसमोर बसवलं आणि जाहीर केलं, घातपात करणारे हेच.

आजवर हे खपत आलं होतं. २००३पासून दारफूरमध्ये गावंच्या गावं जाळली गेली, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे तीन लाख माणसं दगावली, आणि राजधानीतल्या बहुतेकांचे व्यवहार सुरळीत चालू राहिले. मेले ते 'तिकडचे' होते. या वेळी मात्र खार्टूमच्या रस्त्यांवर बशीर यांना उद्देशून घोषणा घुमली : अरे वंशद्वेष्ट्या, मगरूर माणसा, सगळा देशच दारफूर आहे!

बशीर सत्तेवरून गेले त्या दिवसापेक्षा मला हा क्षण मोठा वाटतो. पावासाठी रस्त्यावर यायलाही छाती लागतेच, पण तिथं प्रश्न आपल्याच पोटाचा असतो. सरकारनं ज्याच्याकडे बोट दाखवलं, त्याच्या शेजारी जाऊन उभं राहणं वेगळं. त्यात पंधरा वर्षांच्या मौनाची कबुली होती. दारफूरमधल्या आईबापांना ती फार उशिरा आली असं वाटलं असेल, तर त्यांचं काय चुकलं? पण उशिराची म्हणून ती खोटी ठरत नाही.

एप्रिल २०१९मध्ये लष्करी मुख्यालयासमोरच्या ठिय्यात लोकांचा घोष होता, 'असेल तर ठेव, नसेल तर घे.' ११ एप्रिलला बशीर गेले. ३ जूनला सशस्त्र दलांनी तोच ठिय्या मोडून काढताना शंभराहून अधिक जणांचा जीव घेतला. पुढे २०२१मध्ये लष्करी बंड झालं आणि एप्रिल २०२३पासून लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडली.

आंदोलन हरलं, असं म्हणणाऱ्यांनी गल्लीबोळांतल्या प्रतिकार समित्यांकडे पाहावं. निदर्शनं आखणाऱ्या त्याच तरुणांनी युद्धात सार्वजनिक स्वयंपाकघरं उभी केली, औषधं पोचवली, अडकलेल्यांना बाहेर काढलं. दोन्ही बाजूंच्या बंदूकधाऱ्यांनी या स्वयंसेवकांची धरपकड केली, काहींना ठार मारलं. आरोप बहुधा एकच : तुम्ही पलीकडच्यांना सामील आहात.