पाहिल्याची तारीख

झरिया फोरमन या अमेरिकी चित्रकर्तीच्या 'व्हेल बे, अंटार्क्टिका' या मालिकेतलं एक चित्र सात फूट उंच आणि बारा फूट रुंद आहे. त्यात माणूस नाही, बोट नाही. फक्त बर्फ आणि पाणी. पाहणाऱ्याला आधी ते छायाचित्रच वाटतं. प्रत्यक्षात तो सगळा बर्फ कोरड्या पेस्टलचा आहे. तळव्यांनी आणि बोटांनी कागदावर रंग चोळत, थरावर थर देत उभा केलेला.

पेस्टल म्हटलं की आपल्याला दप्तरातले मेणचट खडू आठवतात. ते ऑइल पेस्टल. फोरमन वापरतात ते सॉफ्ट पेस्टल वेगळं: जवळजवळ निव्वळ रंगद्रव्य आणि ते धरून ठेवण्यापुरता डिंक. त्यात तेल नसतं, त्यामुळे वाळणं नाही आणि काळानं पिवळं पडणंही नाही. रंगाचे कण कागदाच्या खरखरीवर अडकून राहतात, एवढाच त्यांचा आधार. बाही घासली तरी चित्र पुसलं जाईल. वरून फवारा मारून कण पक्के करता येतात, पण मग रंगाचं तेज उतरतं. म्हणून ही चित्रं काचेआड ठेवतात. अठराव्या शतकात व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा यांनी पेस्टलमध्ये काढलेले चेहरे आजही टवटवीत दिसतात. इतकं नाजूक माध्यम तीनशे वर्षं टिकलं, ते दर पिढीत कुणी ना कुणी ते जपलं म्हणून.

फोरमन यांच्या बर्फाकडे मी जपणुकीच्या याच नजरेनं पाहतो. त्यांची आई, रेना बास फोरमन, छायाचित्रकार होती आणि दूरच्या, थंड, निर्जन प्रदेशांची तिला ओढ होती. विल्यम ब्रॅडफर्ड या चित्रकारानं 1869 साली ग्रीनलंडचा प्रवास केला होता; त्याच्या मागावर जाणारी एक मोहीम काढायचं आईनं ठरवलं. मग मेंदूचा कर्करोग निघाला. 2011 मध्ये ती गेली. तिला दिलेल्या शब्दाप्रमाणे 2012 मध्ये लेकीनं ती मोहीम पूर्ण केली. त्यानंतरच्या हिमनगांमध्ये मला ते दुःख दिसतं. आणि ते दिसतं कुठे, तर रेषेरेषेच्या निगुतीत. काळोख, वादळ असलं काही त्यांना चित्रात आणावं लागत नाही.

बर्फाची निळाई तर किती निरखून पाहिलेली! शतकानुशतकं दाबल्या गेलेल्या बर्फातली हवा निघून जाते, प्रकाश आत खोल शिरतो, त्यातला तांबडा भाग बर्फ पिऊन टाकतो आणि निळा तेवढा परत येतो. आभाळाचा रंग त्यात उतरलेला नसतो. ती त्या बर्फाच्या जाडीची आणि वयाची खूण. ही खोली सपाट कागदावर भुकटीनं आणायची, तर एकेका कोपऱ्याला बोट किती वेळा लागलं असेल!

एक आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. हिमनद्या आटत असताना त्यांची इतकी देखणी चित्रं काढणं म्हणजे लोकांना निश्चिंत करणं नव्हे का? फोरमन विध्वंसाऐवजी सौंदर्य दाखवायचं जाणूनबुजून ठरवतात. या निवडीची भीती मलाही वाटते. सुंदर चित्रासमोर माणूस सुखावतो आणि निघून जातो, हे होतंच. तरीही माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावताना आपण आजारपणातला लावत नाही. तो हसतानाचा शोधून काढतो, आणि त्यानं आपलं नुकसान लहान होत नाही. काय गेलं ते रोज डोळ्यांसमोर राहतं.

शिवाय या चित्रांत निश्चिंत होऊ न देणारी एक गोष्ट आहे, ती शीर्षकात. 2016 आणि 2017 मध्ये 'नासा'च्या 'ऑपरेशन आइसब्रिज' या बर्फ मोजणाऱ्या मोहिमेच्या विमानांतून फोरमन यांनी उड्डाणं केली. त्या वेळी पाहिलेल्या दृश्यांच्या चित्रांना त्यांनी नावं दिली ती अशी: हिमनदीचं नाव, अंश-मिनिट-सेकंदांपर्यंत अक्षांश आणि रेखांश, आणि ते दृश्य पाहिलं तो दिवस. ग्रीनलंडमधल्या याकोब्सहावनसारखी हिमनदी एका दिवसात कित्येक मीटर पुढे सरकते, तेव्हा त्या बिंदूवर तोच बर्फ पुन्हा सापडणं शक्य नाही. पण आकडे खरे आहेत. ते घेऊन कुणीही त्या जागेचं आजचं उपग्रहचित्र उघडावं, आणि त्या दिवशी तिथे काय होतं ते दाखवणाऱ्या फोरमन यांच्या कागदाशी ते ताडून पाहावं.