चंदावलीचा मान

सामुदायिक मोहिमेची सांगता नेमकी कोणत्या क्षणी होते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु चेन्नईहून निघून चेंगलपट्टू, वेदंतंगल, तिंडिवनम या बाजूच्या तलावांच्या बांधांवरून आणि झुडपी रानातल्या तांबड्या वाटांनी मजल-दरमजल करीत जिंजीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी येऊन ठेपणाऱ्या सायकलस्वारांच्या जथ्यात ज्याने काही काळ घालवला आहे, त्याला त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या साऱ्या समाजजीवनाला लागू पडणारे आहे असे वाटल्यावाचून राहत नाही. सर्वांच्या पुढचा तरणाबांड स्वार दरवाजाशी पोहोचला म्हणजे मोहीम संपते काय? की निम्म्याहून अधिक मंडळी आली, चहा झाला, छायाचित्रे निघाली, म्हणजे संपते? माझे उत्तर असे की, सर्वांच्या मागे राहिलेला मनुष्य येईपर्यंत कोणीच पोहोचलेले नसते; जे आधी आलेले दिसतात, ते केवळ वाट पाहण्याच्या जागी आलेले असतात.

हे उत्तर मला ज्या भूमीने शिकवले तिचा स्वभाव सह्याद्रीच्या वाचकाला थोडा अपरिचित असेल. कोरोमंडल किनाऱ्यामागचे रान उंच नाही आणि घनदाटही नाही. ते शुष्क, काटेरी आणि तरीही बारमाही हिरवे असे झुडपी रान आहे, आणि माणसाचा हात लागून जिथे ते नष्ट झाले तिथे वेड्या बाभळीने आपला अंमल बसवला आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसात ‘एरी’ नावाचे जुने तलाव भरतात, आणि पाऊस ओसरल्यावरच्या दोन-तीन महिन्यांत रुंद टायरांच्या डोंगरी सायकलींना हे रान खुले होते. इथे घाटाची चढण दम काढत नाही. दम काढतात ऊन, वाळू आणि काटा. शिवाय तलावाला वळसा घालणाऱ्या वाटा वारंवार फुटतात, आणि ताडांच्या रांगा चहूकडे इतक्या सारख्या दिसतात की अर्धा मैल मागे पडलेल्या माणसाला पुढचे लोक कोणत्या फाट्याने गेले याचा काही मागमूस लागत नाही. घाटात मागे पडलेला मनुष्य निदान वाटेवर असतो. इथे मागे पडणे आणि वाट चुकणे यांत फारसे अंतर नाही.

म्हणून प्रत्येक जाणत्या जथ्यात एक अनुभवी स्वार शिरस्त्याने सर्वांच्या मागे ठेवलेला असतो. मराठ्यांच्या फौजा कूच करीत तेव्हा पुढे बिनी असे आणि मागे चंदावल; बिनीच्या मानाचे पोवाडे झाले, पण अडचणीच्या प्रसंगी फौज सलामत राहिली ती बहुधा चंदावलीच्या निष्ठेवर. आमच्या जथ्यातील हे काम निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका तमिळ गृहस्थांकडे होते, आणि लहानथोर सारे त्यांना ‘अण्णा’ म्हणत. वेदंतंगलच्या अलीकडे एका बांधावर, पहिल्यांदाच इतका लांब आलेल्या एका विद्यार्थ्याचे मागचे चाक बसले, तेव्हा अण्णांनी न बोलता सायकल उलटी केली, ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरली, तलावाच्या पाण्यात ती वीतवीत बुडवीत बुडबुड्यांची रेघ जिथून निघाली तिथे अंगठा धरला, ती जागा घासली, सोल्यूशन लावून ते सुकू दिले आणि मग पॅच दाबून बसवला. पण खरे काम त्यानंतरचे होते. टायरच्या आतल्या अंगावरून त्यांनी बोटांची टोके अत्यंत हळू फिरवली, आणि बाहेरून मुळीच न दिसणारे बाभळीच्या काट्याचे मोडलेले टोक शोधून नखाने उपसून काढले. कारण ते आत राहिले असते तर पुढच्या फर्लांगात पुन्हा तोच प्रसंग आला असता. हे सारे होईपर्यंत पुढचा जथा चिंचेखाली थांबला होता. कोणी घड्याळाकडे पाहिले नाही असे नाही, परंतु कोणी निघूनही गेले नाही. अण्णा त्या मुलाला एवढेच म्हणाले, ‘पोलामा?’ म्हणजे, निघायचे ना? त्या क्षणी माझ्या मनाने ठरवून टाकले की या मोहिमेचे नायक कोण हे विचारायचे झाल्यास पुढे पाहण्याचे कारण नाही.

जिंजीच्या वाटेवर असताना राजाराम महाराजांच्या प्रवासाची आठवण मराठी मनात येणे अपरिहार्य आहे. शिवछत्रपतींनी १६७७ साली घेतलेल्या या दुर्गाकडे १६८९ साली, संभाजी महाराजांच्या वधानंतर, राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघाले ते मूठभर सोबती घेऊन, यात्रेकरूंच्या वेषात, शत्रूच्या मुलखातून. बखरी सांगतात की बंगळूरच्या मुक्कामी संशय आला, तेव्हा राजे थोड्या माणसांनिशी पुढे गेले आणि खंडो बल्लाळ व इतर काही मंडळी जाणूनबुजून मागे राहिली. त्यांनी मार सोसला, पण आम्ही यात्रेकरू आहोत या जबानीवरून ती ढळली नाहीत, आणि सुटका झाल्यावर पुढे येऊन मिळाली. राजा जिंजीस पोहोचला हे आपण इतिहासात वाचतो. तो ज्यांच्या मागे राहण्यामुळे पोहोचला, त्यांची पाठ मात्र सहसा आपल्या नजरेसमोर येत नाही. आणि पोहोचणे म्हणजे तरी काय? त्यानंतरही १६९० पासून १६९८ पर्यंत मोगल सरदार झुल्फिकारखानाने त्या गडाला वेढा घातला होता. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा दुर्ग हा एकच. त्याच्या पायथ्याशी सायकल उभी करणाऱ्या मराठी माणसाने गडाच्या राजगिरी टेकडीच्या उंचीइतकीच त्या मागे राहिलेल्यांचीही आठवण ठेवावी असे मला वाटते.

सायकलीच्या दीर्घ प्रवासाला पाश्चात्त्य जगात जी शिस्त लाभली, तिच्यातही हाच प्रश्न दोन वाटांनी सोडवलेला दिसतो. १८९७ साली इटलीतील काही स्वारांनी एका दिवसात रोमहून नेपल्स गाठले, त्यातून ‘ओडॅक्स’ ही कल्पना निघाली. आणि फ्रान्समध्ये १९०४ पासून आँरी देग्रांज यांनी तिला नियमबद्ध केले. त्या मूळ पद्धतीत सारा जथा कप्तानाच्या मागून एकाच वेगाने चालतो, आजच्या नियमाप्रमाणे ताशी साडेबावीस किलोमीटर, आणि कप्तानाला ओलांडण्याची मुभा कोणालाच नसते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाने स्वतःच्या वेगाने जावे, परंतु ठरलेल्या मुदतीत यावे, असा दंडक आहे: दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस, आणि १८९१ साली सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या बाराशे किलोमीटरच्या महायात्रेला नव्वद. चेन्नईतही या दुसऱ्या पद्धतीच्या फेऱ्या नियमाने होतात. या पद्धतीचे मोठेपण असे की तीत क्रमांक नाही. मुदतीच्या कितीतरी आधी आलेला आणि शेवटच्या मिनिटाला आलेला, दोघेही दप्तरी सारख्याच योग्यतेने नोंदले जातात. स्पर्धेने पछाडलेल्या युगात एवढी समबुद्धी एखाद्या क्रीडाप्रकाराने जपावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु जे मागे राहिले, त्यांचे काय? १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि १९२८ च्या मार्चमध्ये सुमारे ४४,००० मैलांची मजल मारून परतले ते तिघे: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा. नरिमन कापडिया तेहरानहून मागे फिरले. गुस्ताद हाथीराम अमेरिकेत राहिले. त्यानंतर केकी पोचखानवाला परतले. प्रदक्षिणा पुरी करणाऱ्या तिघांचे धैर्य अलौकिक होते यात शंका नाही. तथापि इराणच्या वाळवंटापर्यंत ज्याने आपल्या सोबतीने इतरांचे धैर्य वाढवले, त्याचा वाटा त्या यशातून वजा कसा करता येईल? सामुदायिक कार्याचे श्रेय ज्याच्या त्याच्या नावे खतावता येत नाही, ते समाईक खात्यातच राहते, आणि तसेच ते राहिले पाहिजे.

ही जाणीव मराठी माणसाला परकीय नाही. पंढरीच्या वारीत आषाढी एकादशीला वारकरी विठ्ठलाच्या नगरीत असतो, तरी वारीची सांगता त्या दिवशी होत नाही. ती पौर्णिमेला गोपाळपुरी काल्याने होते, जिथे सर्वांचे अन्न एक होऊन सर्वांच्या मुखी जाते. वाटेवरची व्यवस्था तर याहून मननीय आहे. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरतीसाठी दिंड्या उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतात, आणि सारे टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजतच राहतात, आणि तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतल्यावाचून आरती सुरू होत नाही. हरवल्या-सापडल्याची पुकार तिथेच होते. लाखोंच्या समुदायाने दिवस मिटवण्यापूर्वी एका दिंडीचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा जो जाबता आपल्या पूर्वजांनी घालून दिला, त्याहून उन्नत अशी सामुदायिकतेची व्याख्या मला ठाऊक नाही.

रानात मागच्याची वाट पाहणे हा केवळ सौजन्याचा विषय राहत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात लागलेल्या वणव्याने, चेन्नईहून गेलेल्या मंडळींसह वीसहून अधिक पदयात्रींचे प्राण घेतले, आणि त्यानंतर तामिळनाडू शासनाने वनभ्रमणाचे नियम घालून दिले. वनखात्याचा परवाना, वाटाड्या, जाणाऱ्यांची यादी, या गोष्टी अनेक उत्साही तरुणांना कागदी तसदी वाटतात. मला त्या तशा वाटत नाहीत. निघताना शिरगणती आणि पोहोचल्यावर पुन्हा शिरगणती, हे रानातील प्रवासाचे पहिले आणि शेवटचे कर्तव्य होय, आणि दुसरी गणती पहिलीशी जुळेपर्यंत आनंद करण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही.

यावर आक्षेप असा येईल की, सशक्ताने अशक्तासाठी सदैव थांबावे असे म्हटल्यास पराक्रमाची वाढ खुंटेल. हा आक्षेप हलका लेखण्यासारखा नाही. ज्याला वेगाची आकांक्षा आहे त्याने एकट्याने वा स्पर्धेत ती जरूर पुरी करावी. परंतु जो जथ्यात सामील झाला त्याने निघतानाच एक करार केला, आणि त्याच्या सामर्थ्याचा त्या करारापुरता हिशेब वेगळा झाला: त्याच्या अंगी उरलेले बळ आता दुसऱ्याची पाण्याची बाटली भरण्यासाठी, फाट्यावर उभे राहून दिशा दाखवण्यासाठी आहे. असे थांबणे रानाबाहेरही दिसते. सरकारी शाळांतील अकरावीच्या मुलामुलींना तामिळनाडू शासन सायकली देते. सायंकाळी गणवेशातल्या मुली त्या सायकलींवरून घोळक्याने परततात आणि गावाचा निर्जन फाटा आला की मागे राहिलेल्या मैत्रिणीसाठी एक पाय जमिनीवर टेकून उभ्या राहतात. त्यांना कोणी नियमावली दिलेली नाही. रस्ता रोजचा असला की माणसाला सोबतीचे मोल आपोआप कळते.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. अशा मोहिमांच्या अखेरीस पदके आणि प्रशस्तिपत्रे वाटली जातात, ती अवश्य वाटावीत. परंतु पहिला सत्कार चंदावलीच्या स्वाराचा व्हावा, आणि तोही शेवटचा सहभागी चाकावरून उतरल्यानंतरच. हा शिरस्ता सायकलीपुरता ठेवण्याचेही कारण नाही. शाळेचा निकाल, गावाची पाणीयोजना, शहराची भरभराट, यांचे मोजमाप आपण सर्वांत पुढे गेलेल्यांवरून करण्यास फार सरावलो आहोत, आणि म्हणूनच कोण अजून वाटेत आहे हे आपल्याला पुष्कळदा ठाऊकच नसते. ज्या समाजाला आपला शेवटचा मनुष्य कुठे आहे हे सांगता येते, आणि त्याच्यासोबत आपण कोणाला ठेवले आहे हेही सांगता येते, त्याच समाजाने आपली मजल पुरी केली असे मी मानीन.