संशयाचा फायदा कोणाला?

रमीत कोणी चुकीचा सिक्वेन्स लावला, तर समोरचा भिडू लगेच पत्ते तपासतो. त्याला हरायचे नसते, म्हणून नियम आपोआप सांभाळले जातात. सगळ्यांनी एका बाजूने खेळायच्या पत्त्यांच्या खेळात हा पहारा नसतो. 2016 साली आलेला ‘आर्कहॅम हॉरर: द कार्ड गेम’ घ्या. 1920च्या दशकातल्या एका काल्पनिक अमेरिकी शहरात खेळाडू शोधक म्हणून एकत्र शिरतात. विरोधात असते पत्त्यांची गड्डी आणि टोकनांची पिशवी. पत्त्यावरच्या मजकुराचे दोन अर्थ निघाले, तर वकील आपण, न्यायाधीश आपण आणि निकालाचा लाभही आपल्यालाच.

या पेचावर नियमपुस्तिकेत ‘ग्रिम रूल’ दिला आहे. वादाचे उत्तर सापडतच नसेल, तर जिंकण्याच्या दृष्टीने त्या क्षणी सर्वांत वाईट वाटेल तो अर्थ धरा आणि पुढे खेळा. पहिल्यांदा वाचताना हा अन्याय वाटतो. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. विम्याच्या करारातले कलम संदिग्ध असेल, तर न्यायालये सहसा त्याचा अर्थ ते लिहिणाऱ्या कंपनीच्या विरोधात लावतात. मग इथे खेळाडूंनीच का सोसायचे?

मला यात विसंगती दिसत नाही. आरोपी असो की विमेदार, कायदा झुकते माप देतो ते दुबळ्या बाजूला. टेबलावर दुबळे कोण? आपण तिघे-चौघे बोलके, हुशार, जिंकायला उतावीळ; गड्डी मात्र मुकी. तिच्या बाजूने बोलणारे कोणी नाही. ‘ग्रिम रूल’ तिला वकील मिळवून देतो.

पण हा नियम वाटेल तिथे लावणेही चूकच. काही खेळाडू कठोरपणालाच प्रामाणिकपणा समजतात. समजा, पाठलाग करणारा एक राक्षस दोन शोधकांपासून सारख्याच अंतरावर आहे आणि कोणाकडे वळायचे हे त्याच्या पत्त्यावर लिहिलेले नाही. एक शोधक जखमी, दुसरा धडधाकट. लगेच कोणीतरी म्हणते, ‘वाईट अर्थ घ्या, जखमीवरच सोडा.’ वास्तविक इथे वाद नाहीच. अशा बरोबरीत मुख्य शोधकाने ठरवायचे, असे नियमच सांगतात. त्याने राक्षस खुशाल धडधाकट गड्याकडे वळवावा. हातात दिलेली निवड ही पळवाट नव्हे. तसेच, पत्त्यावरचा मजकूर आणि सामान्य नियम यांत विरोध आला तर पत्ता वरचढ, हेही स्पष्ट लिहिलेले आहे. बरेचसे ‘संशय’ पुस्तिका न उघडल्यामुळेच उरतात.

खरी कसोटी लागते ती वेळेची. पिशवीतून टोकन निघाल्यावर सुचलेला अर्थ मला नेहमी संशयास्पद वाटतो, कारण तोवर आपल्याला काय सोयीचे आहे ते कळून चुकलेले असते. आधी मांडलेला अर्थ चुकला तरी त्यात लबाडी नसते. आणि आज एक, उद्या दुसरा असा अर्थ लावत गेलो, तर हरण्यालाही किंमत राहत नाही, जिंकण्यालाही नाही.

म्हणून वाद अडला की आधी पुस्तिका उघडा, टेबलावरच्या नवख्याचेही म्हणणे ऐका, आणि तरीही सुटला नाही तर टोकन काढण्यापूर्वी कठोर अर्थ स्वीकारा. तो कागदावर टिपून ठेवा आणि पुढच्या डावात अंगाशी आला तरी तोच लावा.