सांगायचं कधी?

एप्रिल २००४ मध्ये आपल्याकडे सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीची मोफत औषधं मिळू लागली. जन्मतःच हा विषाणू घेऊन आलेली तेव्हाची चिमुरडी आज विशी-पंचविशीत आहेत. नोकरी करतात, प्रेमात पडतात. आणि गोळ्यांच्या डबीवरचं लेबल खरवडून ठेवतात. खोलीतल्या मित्रानं विचारलंच तर ‘व्हिटॅमिन’ म्हणून मोकळी होतात.

जोडीदाराला लवकर सांगावं तर तो पाठ फिरवतो, उशिरा सांगावं तर ‘फसवलंस’ ऐकावं लागतं. शिवाय आपल्याबरोबर आईचंही गुपित फुटतं, ते वेगळंच. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा म्हणतो, जोडीदाराला लागण होणार नाही अशी खबरदारी घ्या. आधी सांगणं हा त्यातलाच एक मार्ग. औषधं नेमानं घेऊन विषाणू रक्ताच्या तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे अजून कितीजणांना ठाऊक आहे?

माझं मत विचाराल, तर संबंधाआधी सांगावं. पण ऐकणाराही काही देणं लागतो. उद्या कुणी विश्वासानं तुमच्यापाशी हे बोललं, तर ते दुसऱ्या कानावर घालू नका.