जाब

अधिकाऱ्याचा निर्णय चुकला म्हणून आपल्याकडची माणसे सहसा पेटून उठत नाहीत. चुकलेल्या निर्णयाबद्दल कोणाच्या दारी जावे हेच जेव्हा उमगत नाही, तेव्हा मात्र त्यांच्या सहनशीलतेचा बांध फुटतो. फारसीतून आलेल्या ‘जवाब’पासून मराठीने ‘जाब’ही घडवला आणि ‘जबाबदार’ही, परंतु उत्तर देणे हे सत्तेचे कर्तव्य आहे, हा विचार यवतमाळच्या काळ्या मातीत रुजायला पुष्कळ काळ जावा लागला.

1878 या एकाच साली इंग्रज सरकारने वनांचाही कायदा केला आणि हत्यारांचाही. रान राखीव झाले, बंदूक परवान्याची झाली, आणि युरोपियनांना मात्र त्या परवान्याची माफी मिळाली. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळमधील पुसदला कायदा मोडून राखीव जंगलातले गवत कापले, तेव्हा भांडण गवताच्या पेंढीपुरते नव्हते. हे रान कोणाला विचारून राखीव केले, हा त्या विळ्याचा सवाल होता.

स्वराज्यात 1959 चा हत्यार कायदा आला. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावीत, मागितल्यास अर्जदाराला ती थोडक्यात कळवावीत, आणि त्यावर अपील करता यावे, अशी तजवीज त्यात झाली. मात्र सार्वजनिक हिताला बाध येतो असे वाटल्यास कारण न देण्याची मुभाही त्याच कलमात ठेवली गेली. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून कपाशी-तूर वाचवण्यासाठी रात्रभर जागल करून सकाळी बंदुकीच्या अर्जापायी कचेरीत खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला यातला कोणता अर्धा भाग अधिक परिचयाचा असेल, हे सांगण्याची गरज नाही.

जाबाचा हाच प्रश्न खेळातही येतो. क्रिकेटच्या मैदानावरील निवाडा करणाऱ्यालाही आपण ‘पंच’च म्हणतो, आणि पंचांमुखी परमेश्वर ही आपली जुनी श्रद्धा. जानेवारी 2008 मधील, पंचांच्या निर्णयांवरून गाजलेल्या सिडनी कसोटीमुळे त्या श्रद्धेला तडा गेला. त्याच वर्षी श्रीलंकेत निर्णयाच्या फेरतपासणीचा पहिला प्रयोग झाला, आणि गंमत अशी, की सिडनीत सर्वांत मोठ्याने ओरडलेल्या आपल्याच क्रिकेट मंडळाने ती पद्धत 2016 पर्यंत पुरती पत्करली नाही. मला अधिक मोलाचा वाटतो तो 2010 मध्ये अमेरिकेतील बेसबॉलच्या सामन्यात घडलेला प्रसंग: जिम जॉइस या पंचाच्या एका चुकीच्या निर्णयाने गोलंदाजाचा निर्दोष सामना हुकला, निर्णय अखेर बदललाही नाही, परंतु जॉइसने त्याच रात्री चूक कबूल करून माफी मागितली आणि लोकांचा राग ओसरला. उत्तर मिळाले, एवढेच पुरले.

बंदुकीचे तसे नाही. तेथे फेरतपासणी गोळी सुटण्याच्या आधीच व्हावी लागते. 13 माणसांचे बळी घेतल्याचा जिच्यावर ठपका होता, ती ‘अवनी’ वाघीण 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या रानात ठार झाली. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करावा आणि तो फसल्यासच गोळी घालावी, असा हुकूम होता व सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला होता. त्या क्रमाचे पालन झाले काय, याविषयी शवचिकित्सेने आणि नंतरच्या चौकशीने गंभीर शंका उपस्थित केल्या. गावांत फटाके वाजले, मुंबईत मेणबत्त्या पेटल्या. शहरातल्यांनी गावकऱ्यांना क्रूर म्हटले आणि गावकऱ्यांनी शहरातल्यांना बेफिकीर. दोघेही वास्तविक एकाच बंद दारावर थापा मारत होते. वाघिणीला मारणाऱ्या शिकाऱ्याला बक्षीस न देण्याच्या आदेशाचा भंग झाला, अशी अवमानयाचिका 2021 मध्ये न्यायालयापुढे आली आणि मागे घेतली गेली. पहिल्या बळीनंतर दोन वर्षे वेचणीला आणि गुरांमागे जीव मुठीत धरून जाणाऱ्या माणसांना कोणी काय उत्तर दिले, हा त्या याचिकेचा विषयच नव्हता.