मेजर, मायनर आणि दिवा–रोहा गाडी

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण पहिल्या वर्षाला लागू झालं आणि एफवायला प्रवेश घेणाऱ्या पोरांना एकाएकी बरंच काही विचारलं जाऊ लागलं. मेजर कोणतं? मायनर कोणतं? ओपन इलेक्टिव्हचं काय? त्याखेरीज व्होकेशनल, स्किल, भारतीय ज्ञान परंपरा, मूल्यशिक्षण, भाषा, को-करिक्युलर. पूर्वी आर्ट्स, कॉमर्स की सायन्स एवढं घरात ठरायचं, बाकीचं कॉलेज बघून घ्यायचं. आता फॉर्मवर रकान्यांमागून रकाने आहेत आणि त्यातला प्रत्येक रकाना तुझ्या आवडीचा आहे, असं माहितीपत्रक सांगतं.

पेण आणि रोह्यासारख्या गावांत ही आवड बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या वाट्याला येतच नाही. वेळापत्रक, गाडी आणि प्राध्यापकांचा वर्कलोड हे तिघं मिळून आधीच ठरवून मोकळे झालेले असतात. कुणाच्या नावाने बोटं मोडण्यासाठी हे म्हणत नाही. पण पहिल्या वर्षाची आखणी करायची तर सुरुवात या तिघांपासून करावी लागते आणि नेमकं तेच कुठल्याही समुपदेशनात सांगितलं जात नाही. तिथे ‘तुझी पॅशन काय?’ असं विचारतात.

आधी तासांचा हिशेब. सत्राला साधारण २२ क्रेडिट धरली जातात. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ आणि चौथं वर्ष केलं तर १६० ते १७६, अशी चौकट राज्य सरकारने घालून दिली आहे. एका क्रेडिटचे वर्गातले तास पंधरा, प्रात्यक्षिक असेल तर तीस. म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला किमान २२ तास बाकावर आणि विज्ञानाचा विद्यार्थी असेल तर त्याहून बरेच जास्त. सहा दिवसांत वाटले तर रोजचे चारेक तास. कागदावर हे सोपं दिसतं. पण हे चार तास सलग येत नाहीत. मेजरचा तास सकाळी पहिला, ओपन इलेक्टिव्ह सगळ्या शाखांना एकत्र बसवायचं म्हणून दुपारी, आणि मधे दोन तासांची पोकळी. पेण शहरात घर असलेला मुलगा या वेळात जेवून येतो. हमरापूर किंवा कासूकडून आलेली मुलगी कॉलेजच्या जिन्यात बसते, आणि महिन्याभरात ओपन इलेक्टिव्हच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघा दिसू लागतात. तिला विषय आवडला नाही, असा निष्कर्ष मग कुणीतरी काढतं.

ओपन इलेक्टिव्ह हा या धोरणातला खरोखर चांगला भाग आहे. तो आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा, असा नियम आहे. कॉमर्सवाल्याने इतिहास किंवा पर्यावरण शिकावं, सायन्सवालीने नाट्य किंवा बँकिंग. कल्पना उत्तमच. पण छोट्या महाविद्यालयात कोणतं ओपन इलेक्टिव्ह चालवायचं, हे बहुधा कोणत्या शिक्षकाचे तास कमी भरतात यावर ठरतं. अनुदानित जागेवरच्या सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचं काम दाखवावं लागतं, आणि निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या न गेल्यामुळे अनेक विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर आहेत. अशा वेळी साठ-सत्तर विद्यार्थ्यांसमोर तीन पर्याय ठेवायचे तर तीन खोल्या आणि तीन शिक्षक एकाच वेळी मोकळे हवेत. ते नसतात. मग यादीत एकच नाव उरतं आणि सगळ्यांनी ते ‘निवडलेलं’ असतं. प्राचार्यांना हे कळत नाही असं नाही. त्यांच्याकडे दुसरा उपाय नसतो.

आता गाडी. पनवेलहून येणाऱ्या मार्गावर हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि पुढे कोकण रेल्वे सुरू होते. दिवा–रोहा गाडीने येणारी मुलं, तळा-कोलाडकडून एसटीने रोह्यात उतरणारी मुलं, वडखळ नाक्याच्या कोंडीत अडकून पहिला तास चुकवणारी मुलं, अशा सगळ्यांचं वेळापत्रक आधी रेल्वेने किंवा एसटीच्या आगाराने छापलेलं असतं. मुलीच्या बाबतीत घरचे अंधार पडण्याआधीची गाडी पाहतात आणि त्या गाडीत जे बसतं तेच तिचं मेजर होतं. कितीतरी घरांत ‘तिला मराठीच आवडतं’ या वाक्यामागे ‘सायन्सची प्रात्यक्षिकं पाचला सुटतात’ हे दडलेलं असतं.

आणि पेणचं एक खास गणित आहे, ते विद्यापीठाच्या कुठल्याच परिपत्रकात नाही. पहिलं सत्र पावसाळ्यात सुरू होतं, म्हणजे ऐन गणपतीच्या हंगामात. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यातल्या कारखान्यांत जून-जुलैपासून दिवसरात्र काम असतं. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, रंगकाम. डोळ्यांची आखणी ज्याला जमते त्या पोराला दुसऱ्या कुठल्याही पार्टटाइम नोकरीपेक्षा इथे बरे पैसे मिळतात, आणि बऱ्याच घरांत वर्षभराची फी याच दोन-अडीच महिन्यांत उभी राहते. २०२५मध्ये गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. म्हणजे विषय समजावून घेण्याचे, शिक्षकांची ओळख होण्याचे जे पहिले आठवडे, नेमके तेच या मुलांचे कारखान्यात गेले. रोह्याकडच्या शेतकरी घरांत हीच गोष्ट भाताच्या लावणीने होते. अशा मुलाने पहिल्याच सत्रात सगळ्यात अवघड पर्याय उचलणं शहाणपणाचं नाही. ऐच्छिकातलं जड ते दुसऱ्या सत्रात ढकलावं, पहिल्यात ज्याचं लेखी काम घरी करता येईल ते घ्यावं. पोराला हे सांगणाऱ्याला मी करिअर मार्गदर्शक म्हणेन.

मेजरच्या बाबतीत मात्र मला उलटंच म्हणायचं आहे. तिथे लोक फार घाबरतात. रोहा-नागोठण्याच्या घरांत केमिस्ट्री घे असा धोशा असतो, कारण धाटावच्या औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने आणि नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प रोज डोळ्यांसमोर दिसतो. मेजर चुकलं की आयुष्य चुकलं, अशी एक समजूत आहे. त्या समजुतीवर उतारा याच परिसरातल्या दोन मुलांच्या चरित्रांत आहे.

पहिले चिंतामणराव देशमुख. रोह्याच्या वाणिज्य महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. जन्म १४ जानेवारी १८९६चा, महाडजवळच्या नाते गावचा; घराणं रोह्याचं. १९१२च्या मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. आजच्या कुठल्याही समुपदेशकाने त्यांना डोळे मिटून संस्कृत मेजर दिलं असतं. ते केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले आणि वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक घेऊन १९१७ साली पदवीधर झाले. पुढे आयसीएसच्या परीक्षेत पहिले, १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते ५६ देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिल्यावर १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. म्हणजे ज्या आयोगाच्या चौकटीतून आजचे हे रकाने आले आहेत, त्याच आयोगाच्या खुर्चीत रोह्याचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ बसून गेला. आणि संस्कृत? ते सुटलं नाहीच. मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांनी केला आणि स्वतः संस्कृतात कविताही लिहिल्या.

दुसरे विनोबा. पेण तालुक्यातलं गागोदे, ११ सप्टेंबर १८९५. देशमुखांपेक्षा फक्त चार महिन्यांनी मोठे. बडोद्याला शाळेत भाषा निवडायची वेळ आली तेव्हा वडिलांच्या इच्छेने त्यांनी फ्रेंच घेतलं. आईच्या मनात संस्कृत होतं. संस्कृत ते पुढे शाळेबाहेर, आपलं आपण शिकले. १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतला उतरून काशीला गेला. प्रमाणपत्रं त्याआधीच चुलीत घातली होती. फ्रेंच घेतलेल्या या विद्यार्थ्याची ‘गीताई’ १९३२ साली छापून आली आणि आज ती महाराष्ट्राच्या घराघरांत आहे.

दोघांचाही फॉर्मवरचा विषय आणि आयुष्याचा विषय वेगळा निघाला. पण इथे एक लबाडी होऊ शकते, ती टाळली पाहिजे. देशमुखांचे वडील वकील होते, विनोबांचे वडील बडोद्यात नोकरीला. पडले तर झेलायला घर होतं. कातकरी वाडीतून कॉलेजात आलेल्या पहिल्या मुलीला ‘मेजर चुकलं तरी चालतं, देशमुखांचं बघ’ असं सांगणं ही क्रूर थट्टा आहे. तिच्याकडे एका वर्षाचे पैसे आहेत, कधी तेवढेही नाहीत.

धोरणात याचं उत्तर आहे, असं म्हणतात. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनंतर पदविका. २०२१मध्ये सुरू झालेल्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये मिळवलेली क्रेडिट सात वर्षं टिकतात, परत येऊन पुढचं पूर्ण करता येतं. मला याचा आनंद वाटतो आणि भीतीही वाटते. शिकणं मधेच तुटलेल्या मुलीच्या हातात काहीतरी राहील, हे खरं. पण ‘एक वर्षाचं सर्टिफिकेट झालं ना, बास आता’ असं म्हणायला घरच्यांना प्रतिष्ठित कारणही मिळेल. म्हणूनच जिच्या बाबतीत ही शक्यता आहे, तिने आपलं स्किलचं आणि व्होकेशनलचं क्रेडिट हलक्यात घेऊ नये. बाहेर पडावं लागलंच तर तेवढंच तिच्या कामाचं असेल.

अमर्याद निवड दिली की सगळं सुधारतं असंही नाही. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९नंतर विद्यार्थ्यांना जवळपास सगळे विषय हवे तसे घ्यायची मोकळीक दिली. त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी ती आवरती घेतली: एका विषयात खोल जा आणि बाकीचे निरनिराळ्या शाखांत पसरवा. आपलं मेजर आणि ओपन इलेक्टिव्ह त्याच जातीचं आहे. तिथे मुलांसमोर फार पर्याय होते म्हणून आवरावं लागलं. आपल्याकडे आवरण्याइतके पर्याय अजून आलेलेच नाहीत.

ते आणता येतील. नियमाप्रमाणे सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’ या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येतात, पण पहिल्याच वर्षाला एकट्याने मोबाइलवर शिकायला सांगणं मला पटत नाही, ज्याला अजून टिपणं काढायची सवय नाही तो तिथे बुडतो. त्यापेक्षा पेण आणि रोह्याच्या महाविद्यालयांनी आपापसात वाटून घ्यावं. एकाने रंगद्रव्यं, शाडू आणि प्लास्टर यांचं रसायनशास्त्र हा विषय घ्यावा, कारखान्यांतच प्रात्यक्षिकं घ्यावीत, म्हणजे हंगामात काम करणाऱ्या पोराचे तास बुडायच्या ऐवजी मोजले जातील. दुसऱ्याने कुंडलिकेच्या पाण्यावर आणि धाटावच्या कारखान्यांवर एक विषय चालवावा. क्रेडिट बँक एका महाविद्यालयातलं क्रेडिट दुसऱ्यात जमा करायलाच तर काढली आहे. दोन्हीकडच्या अभ्यास मंडळांची आणि विद्यापीठाची संमती तेवढी मिळवावी लागेल. त्यानंतर एकच प्रश्न उरतो: शनिवारी रोह्याच्या शिक्षकाने पेणला यायचं की पेणच्या साठ मुलांनी रोह्याला जायचं. माझं मत शिक्षकाने यावं. एकच तिकीट लागतं, आणि त्याचं बिल कॉलेजला काढता येतं.