हरकत कोणाची, घर कोणाचे?

वेशीबाहेर हजारो घरांची नवी वसाहत होणार आहे, हे बहुतेकांना पहिल्यांदा कळते ते वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेतून. नकाशा अमुक कार्यालयात पाहायला ठेवला आहे, ज्यांना हरकती व सूचना द्यायच्या असतील त्यांनी मुदतीत लेखी द्याव्यात. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने लोकसहभागासाठी ठेवलेला मुख्य दरवाजा हाच. अर्ज येतात, नियोजन समिती सुनावणी घेते, काही आरक्षणे हलतात, आराखडा मंजुरीसाठी सरकारकडे जातो. पत्रिका छापून झाल्यावर मुलीला स्थळ पसंत आहे का विचारावे, तसा हा प्रकार आहे. तिला नकार देता येतो. निवड करता येत नाही.

तरीही हा नकाराचा अधिकार क्षुल्लक नाही. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा 2015 च्या फेब्रुवारीत बाहेर आला, तेव्हा लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडून पाहिला आणि उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते, चुकीच्या नोंदीखाली गेलेली प्रार्थनास्थळे, नोंदीतून सुटलेल्या जुन्या वास्तू एकेक करून दाखवून दिल्या. हरकतींचा असा पूर आला की एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो मसुदा बाजूला ठेवून दुरुस्तीचे आदेश द्यावे लागले. कार्यालयात बसलेल्या नगररचनाकाराला जे दिसत नाही ते तिथे राहणाऱ्याला दिसते, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा नको. चूक पकडायला हरकतीसारखे साधन नाही.

पण हरकत घ्यायची तर गमावण्यासारखे काहीतरी जवळ असावे लागते. जमीन, दुकान, खिडकीतून दिसणारे मोकळे मैदान. नव्या वसाहतीच्या बाबतीत ते दोघांकडे असते: जमीनमालकाकडे आणि शेजाऱ्याकडे. एकाला मोबदला हवा असतो, दुसऱ्याला गर्दी नको असते. दोघांचेही म्हणणे खोटे नसते. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या, तेव्हा शेतकऱ्यांना ऐकवण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. 1984 च्या जानेवारीत गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. त्यामुळे मालकाचे ऐका, असे आज कायदा सांगतो, त्यामागे रक्त आहे.

नगररचना योजना हे त्याचेच सुधारलेले रूप. मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, उद्याने, शाळा यांसाठी जागा काढायची आणि उरलेली जमीन आखीव अंतिम भूखंडांच्या रूपात ज्याची त्याला परत द्यायची. पनवेल परिसरातल्या नैना प्रकल्पात मालकाला मूळ जमिनीच्या 40 टक्के परत मिळते. तेवढ्यावर समाधान न मानणारे अनेक आहेत आणि त्यांचा विरोध सुरू आहे, पण निदान लवादापुढे प्रत्येक मालकाला आपला भूखंड, त्याचा आकार, त्याची जागा यांवर बोलता येते. याच योजनेत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी दहा टक्क्यांपर्यंत जमीन राखण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणजे त्यांच्या वाट्याची जमीन कायद्याला ठाऊक आहे. फक्त त्या जमिनीविषयी बोलायला सुनावणीत त्यांना खुर्ची नाही.

यावर ठरलेले उत्तर असे, की जे अजून राहायला आलेच नाहीत त्यांना विचारायचे कसे? हे उत्तर मला पटत नाही. नव्या वसाहतीत राहायला येणारी माणसे आकाशातून पडत नाहीत. ती आज त्याच शहरात भाड्याच्या खोलीत, चाळीत, पदपथावर राहत असतात. 2023 मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाने 4082 घरांची सोडत काढली, तेव्हा लाखावर अर्ज आले. प्रत्येक अर्जात नाव, पत्ता, उत्पन्न. घराची निकड असलेल्यांची इतकी तयार यादी सरकारच्या हाती असते आणि सोडत झाली की ती फक्त अनामत परत करण्याच्या कामाची उरते.

या लोकांना घराविषयी सांगण्यासारखे खूप असते. भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांनी महिला मिलन आणि ‘स्पार्क’ या संस्थेच्या साथीने 1980 च्या दशकात आपल्या मनातल्या घराची खऱ्या मापाची प्रतिकृती उभी केली होती. जमीन थोडी, म्हणून छत उंच आणि आत पोटमाळा, हे गणित त्यांनी स्वतः मांडले. ज्यांच्या नावावर एक चौरस फूटही नव्हता, त्यांनी चौरस फुटाचा हिशेब सर्वांत काटेकोर केला. पुढे पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये घरे जागेवरच नव्याने बांधली गेली, तेव्हाही पक्की घरे राखायची, कच्ची पाडायची, कोणी कोणाशेजारी राहायचे, हे घरोघरी बोलून ठरले. सुमारे 270 चौरस फुटांचे घर. त्यात वाढ करता येत नव्हती. मात्र जिना कुठून चढावा आणि ओटा कुठे यावा, यावर बोलता येत होते, आणि रोजचे जगणे त्यावरच ठरते.

अशा विचारण्याला वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. घरांची टंचाई असताना दिरंगाईची किंमत गरीबच मोजतो. पण वेळ खाणारी खरी गोष्ट म्हणजे आराखडा झाल्यावर होणारी भांडणे, न्यायालयातली प्रकरणे, मंजुरीनंतरचे फेरबदल. आधी विचारण्यात गेलेले महिने तिथे वाचू शकतात.

प्रश्न उरतो विचारायचे कोणी. हजर असणाऱ्याचे कोणीही ऐकेल; गैरहजर असणाऱ्यासाठी बोलणे हे निवडून आलेल्या प्रतिनिधीचे काम. नेमके तेच आपण दुबळे केले आहे. मोठ्या वसाहती सिडको, पीएमआरडीए यांसारख्या प्राधिकरणांकडे जातात, ज्यांना कोणी मत दिलेले नसते. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत 2022 मध्ये संपली, त्यानंतर कित्येक वर्षे तिथेही प्रशासकच कारभार पाहत होता. अशा वेळी सुनावणीच्या खोलीत अधिकारी आणि मालक दोघेच समोरासमोर येतात, आणि घर हा विषय जमिनीच्या व्यवहारापुरता उरतो.

म्हणून लोकसहभाग वाढवा म्हणताना हरकतींची मुदत वाढवणे पुरेसे नाही. त्याने आधीच बोलणाऱ्यांचा आवाज तेवढा वाढेल. नकाशाची पहिली रेघ ओढण्याआधी सोडतीच्या यादीतल्या शंभर-दोनशे कुटुंबांना बोलवावे, भाडेकरू आणि शेतमजूर यांना सुनावणीत जागा द्यावी, आणि त्यांच्या म्हणण्याचे काय केले ते कारणांसह छापावे. मालकाच्या हरकतीला लेखी उत्तर मिळते. उद्या त्या घरात राहणाऱ्यालाही तेवढा मान मिळाला, तर त्याला सहभाग म्हणता येईल.